ॲक्सेसरीज घरी लावू की शोरूममध्ये? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळची बहुतेक पत्रं एकाच विषयावर आलीयेत, गाडीच्या आतलं सामान स्वतः लावायचं की डीलरला पैसे देऊन लावून घ्यायचं. म्हणून इंजिन आणि मायलेजवाले प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, रागावू नका.

प्रश्न : नवी गाडी बुक केलीये. शोरूमवाल्याने ॲक्सेसरीजची ही लांबलचक यादी हातात ठेवली, मॅट, सीट कव्हर, सनशेड, अँबियंट लाइट, डॅशकॅम, मोठ्या स्क्रीनचा स्टिरिओ, सगळं पॅकेजमध्ये. नवरा म्हणतो सगळं मी घरी लावतो त्यात काय एवढं, दीर म्हणतात बाहेरचं काही लावलं की वॉरंटी गेली. कोणाचं ऐकू?

उत्तर : ताई, दोघांचंही अर्धं अर्धं ऐका. आधी वॉरंटीचं बघू, कारण ही भीती दाखवूनच अर्धी यादी विकली जाते. तुम्ही बाहेरची मॅट टाकली आणि उद्या गिअरबॉक्स बिघडला तर त्या दोघांचा एकमेकांशी संबंध काय? साधारण सगळीकडे हिशोब असा की तुम्ही लावलेल्या वस्तूमुळे जो भाग बिघडला त्या भागाचा क्लेम अडतो, अख्ख्या गाडीची वॉरंटी अशी एका फटक्यात उडत नाही. अमेरिकेत तर १९७५ पासून मॅग्नसन-मॉस नावाचा कायदाच आहे, आमच्याच ब्रँडचं सामान लावलं तरच वॉरंटी अशी अट कंपनीला घालता येत नाही. पण तुमच्या गाडीचं वॉरंटीचं पुस्तक स्वतः वाचा, सेल्समनच्या तोंडावर जाऊ नका. आणि दीर कुठे बरोबर आहेत तर वायरच्या बाबतीत. एकदा का गाडीची ओरिजिनल वायर कापून जोड दिला की पुढे खिडकीची मोटर बिघडो नाहीतर सेन्सर, सर्व्हिस सेंटरवाला पहिलं बोट त्या काळ्या टेपकडेच दाखवणार, आणि तुम्ही काही सिद्ध करू शकणार नाही.

आता यादी. मॅट, सनशेड, डिकीचा ट्रे, सीटमागचा ऑर्गनायझर, मोबाइल होल्डर, हे सगळं नवऱ्याच्या हवाली करा. याला फिटिंग चार्ज देणं म्हणजे पैसे उडवणं. अँबियंट लाइटच्या साध्या पट्ट्या ज्या यूएसबी किंवा लायटरच्या सॉकेटवर चालतात त्यासुद्धा घरी होतात, फक्त पेडलच्या वरची वायर लोंबकळायला नको, क्लिपने नाहीतर टायने घट्ट बांधा. सीट कव्हर आणि डॅशकॅमबद्दल खाली वेगळे प्रश्न आलेत ते वाचा. स्टिरिओ पैसे देऊन.

नवऱ्याला एकच गोष्ट ठामपणे सांगा, पिवळा कनेक्टर किंवा पिवळ्या पाइपातली वायर दिसली की हात मागे. ती एअरबॅगची वायर. बहुतेक कंपन्या हा रंग मुद्दाम पाळतात. तिच्यावर टेस्टर लावून करंट येतोय का बघणं म्हणजे एअरबॅग फुटायला आमंत्रण, आणि बॅटरी काढली तरी एअरबॅगच्या युनिटमध्ये थोडा वेळ चार्ज शिल्लक राहतो म्हणून मॅन्युअलमध्ये बॅटरी काढल्यावर काही मिनिटं थांबायला सांगितलेलं असतं. ते थांबणं ज्याला माहीत नाही त्याने तिथे हात घालू नये, मग तो नवरा असो नाहीतर शोरूमचा पोरगा.

हो, शोरूमचा पोरगा पण. कारण डीलरकडे पैसे दिले म्हणजे कंपनीचा ट्रेन केलेला मेकॅनिकच काम करतो असं नसतं. बऱ्याच ठिकाणी ॲक्सेसरीजचं काम बाहेरच्या फिटरला दिलेलं असतं, तो डिलिव्हरीच्या आदल्या संध्याकाळी येतो, घाईघाईत गाड्या उरकतो आणि जातो. म्हणून विचारा, फिटिंग कोण करणार, वस्तू कंपनीच्या पार्ट नंबरची आहे की बाजारातली, वायर कापणार का. आणि प्रत्येक वस्तू आणि तिचं फिटिंग बिलावर वेगवेगळं लिहून घ्या, "ॲक्सेसरी पॅकेज" अशी एक ओळ चालवून घेऊ नका. उद्या स्टिरिओ बंद पडला तर तुमच्या हातात तेवढा एकच कागद असणार आहे. लिहून द्यायला कां-कूं करत असेल तर ती वस्तू यादीतून सरळ काढून टाका, गाडी तिच्याविना पण चालते.

प्रश्न : ऑनलाइन सीट कव्हर मागवली, रविवारी बसून घातली, मस्त बसलीत. आता शेजारचे म्हणतायत साइड एअरबॅग उघडणार नाही. खरंच?

उत्तर : खरं असू शकतं, आणि तपासायला दोन मिनिटं पण लागत नाहीत. पुढच्या सीटच्या पाठीला दाराच्या बाजूने एअरबॅग लिहिलेला छोटा टॅग आहे का बघा. असेल तर बॅग सीटच्या आतच आहे आणि ती ओरिजिनल कव्हरची शिवण फाडून बाहेर येते. तिच्यावर जाड रेक्झिनचं कव्हर दुहेरी शिवणीने आवळलेलं असेल तर बॅग उशिरा येईल नाहीतर भलतीकडे येईल, आणि इथे सगळा खेळ मिलिसेकंदांचा आहे. एअरबॅगवाल्या सीटसाठी बनवलेल्या कव्हरला त्या बाजूला मुद्दाम कच्च्या धाग्याची शिवण असते किंवा ती बाजू उघडीच ठेवलेली असते. तुमच्या कव्हरला तशी शिवण असेल तर ती दाराच्या बाजूलाच आलीये ना ते बघा. डाव्या सीटचं कव्हर उजवीकडे गेलं की शिवण आतल्या बाजूला जाते, आणि हे घरी पण होतं आणि दुकानात पण होतं.

आणखी एक, बाजूच्या सीटच्या गादीखाली, वर कोण बसलंय ते ओळखणारा सेन्सर असतो. कोणत्या गाडीत तो फक्त बेल्टची टिकटिक करतो, कोणत्या गाडीत एअरबॅग चालू ठेवायची की बंद हेच तो ठरवतो. जाड फोमची गादी टाकली की तो गोंधळू शकतो. कव्हर घातल्यावर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा सुरू झाला किंवा रिकाम्या सीटसाठी बेल्टचा अलार्म वाजायला लागला तर कव्हर काढा. कव्हरचे हुक सीटखाली ओढून अडकवताना पण बघा जरा कशाला अडकवताय, तिथे वायरिंग असतं आणि सीट मागेपुढे केली की ओढलं जातं.

यावरूनच दुसऱ्या एका वाचकाचा प्रश्न निकालात निघतो, त्यांना पूर्ण फ्लोअरची चिकटलेली मॅट टाकायचीये ज्यासाठी सीट काढाव्या लागतात, घरी करू का म्हणून विचारतायत. नको. सीटचे बोल्ट ठरलेल्या टॉर्कनेच, म्हणजे मोजून तेवढ्याच जोराने, आवळायचे असतात, सीटबेल्टचं बक्कल बऱ्याचदा त्या सीटलाच लागलेलं असतं, खालचे कनेक्टर पिवळे, आणि ते काढलेले असताना कोणी चुकून इग्निशन चालू केलं तर एअरबॅगचा फॉल्ट मेमरीत बसतो जो पुसायला स्कॅनर लागतो. शिवाय मला ती मॅटच फारशी आवडत नाही, खाली पाणी गेलं तर वाळत नाही आणि वास येईपर्यंत कळत पण नाही.

प्रश्न : मॅटमध्ये काय चुकणार? जुन्या कार्पेट मॅटवरच नवी रबरची टाकली तर चालेल ना, कार्पेट खराब होत नाही.

उत्तर : ड्रायव्हरच्या पायाखाली अजिबात नाही. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळ एक लेक्सस ईएस ३५० सुसाट सुटली ती थांबलीच नाही, चार जण गेले. चालवणारा हायवे पोलिसातला माणूस, म्हणजे शिकाऊ पण नव्हे. ती गाडी त्याला डीलरनेच तात्पुरती वापरायला दिलेली होती आणि तपासात निघालं की तिच्यात त्याच कंपनीच्या दुसऱ्या, मोठ्या मॉडेलची रबर मॅट टाकलेली होती, ॲक्सिलरेटर तिच्यात अडकला. त्यानंतर टोयोटाने मॅट आणि पेडलच्या भानगडीसाठी अमेरिकेत सुरुवातीलाच ३८ लाख गाड्यांचा रिकॉल, म्हणजे दुरुस्तीसाठी परत बोलावणं, जाहीर केला. म्हणजे मॅट कंपनीची, टाकणारा डीलर, आणि तरीही चूक. म्हणून मॅट कोणी पण टाको, तुम्ही स्वतः खाली वाकून बघा, तुमच्याच मॉडेलची आहे ना, फ्लोअरवरच्या दोन्ही हुकांत बसलीये ना, खाली दुसरी मॅट नाहीये ना. मग इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबा आणि सोडा. मॅटला घासला किंवा हळू परत आला तर तशी गाडी बाहेर काढू नका. मागच्या सीटपुढे हव्या तेवढ्या मॅट टाका.

प्रश्न : व्हिडिओ बघून डॅशकॅम फ्यूज बॉक्सला जोडला. काम एकदम क्लीन झालं. पण चार दिवस गाडी उभी होती आणि पाचव्या दिवशी स्टार्टच होईना. डीलरकडे केलं असतं तर हे झालं नसतं का?

उत्तर : झालं असतं कदाचित, कारण ही फिटिंगची नाही सेटिंगची भानगड वाटतेय. तुमच्या किटला तीन वायरी असतील, एक कायम करंटवाली, एक चावी फिरवल्यावर करंट येणारी जिला एसीसी म्हणतात, आणि एक अर्थिंगची. पार्किंग मोड, म्हणजे गाडी उभी असताना पण रेकॉर्डिंग, चालू असला की कॅमेरा पहिल्या वायरवरून रात्रंदिवस खातो. हिशोब मांडून बघा, समजा तो पाव अँपिअर घेतो, तर २४ तासांत ६ अँपिअर-अवर, चार दिवसांत २४. तुमची बॅटरी ४५ अँपिअर-अवरची असेल तर निम्म्याहून जास्त तिथेच गेली, वर गाडीचं लॉक, अलार्म यांचं थोडं थोडं चालूच असतं आणि बॅटरी जुनी असेल तर तिच्यात ४५ उरलेले पण नसतात.

किटवर कट-ऑफ व्होल्टेजचं, म्हणजे बॅटरी किती उतरली की कॅमेरा बंद व्हायचा ते ठरवणारं, छोटं बटण किंवा स्विच असतो तो शोधा. पूर्ण भरलेली साधी बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि १२ वर आली की तिच्यात अंदाजे चौथा हिस्साच उरलेला असतो. कट-ऑफ ११.८ किंवा त्याच्या खाली ठेवला असेल तर तो कट-ऑफ नावालाच आहे, १२.२ किंवा त्याच्या वर ठेवा, आणि गाडी जास्त दिवस उभी राहणार असेल तर पार्किंग मोडच बंद करा.

आता फिटिंग क्लीन झालंय म्हणताय तरी तीन जागा परत बघा. फ्यूज टॅप, म्हणजे फ्यूजच्या खाचेतून कॅमेऱ्याला करंट देणारा जोड, कुठल्या खाचेत लावलाय? एअरबॅग, एबीएस (ब्रेक) किंवा इंजिनच्या ईसीयूच्या (कॉम्प्युटरच्या) फ्यूजवर लावला असेल तर आजच काढा आणि लायटर सॉकेटसारख्या बिनमहत्त्वाच्या फ्यूजवर न्या. टॅपमध्ये फ्यूज किती अँपिअरचा घातलाय? कॅमेऱ्याला दोन-तीनचा पुरतो. फ्यूज असतो वायर जळू नये म्हणून, आणि सारखा उडतोय म्हणून मोठा घालणारे लोक पाहिले की माझं डोकंच फिरतं. आणि टॅप उलटा बसला असेल तर दोन्हींचा भार जुन्या फ्यूजवर येतो, ते टेस्ट लॅम्पने कळतं, जुना फ्यूज उपसल्यावर नव्याला करंट यायला हवा.

तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची, काचेच्या बाजूचा खांब. तिथे पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल तर वायर तिच्या पुढून गेलेली नको, मागून, मूळ वायरिंगच्या सोबत टाय करून गेली पाहिजे. नुसती कव्हरच्या फटीत कोंबली असेल, आणि व्हिडिओत नेमकं तेच दाखवतात, तर एअरबॅग उघडताना मध्ये येईल. हे जमत नसेल तर एवढ्याच कामाचे पैसे द्या कोणाला तरी, पूर्ण फिटिंगचे देऊ नका. नाहीतर सरळ लायटर सॉकेटमधून कॅमेरा चालवा, पार्किंग मोड गेला तर गेला.

प्रश्न : मोठ्या टचस्क्रीनसाठी वायर कापावीच लागेल असं फिटर म्हणतो. कापू देऊ?

उत्तर : नाही. बहुतेक चालू मॉडेलसाठी कपलर-टू-कपलर हार्नेस मिळतो, एक टोक गाडीच्या प्लगमध्ये, दुसरं स्टिरिओत, आणि स्टिअरिंगवरची बटणं चालायला लागतो तो कॅन डिकोडर. फिटर कापतो कारण त्याच्याकडे तुमच्या मॉडेलचा हार्नेस नसतो. दुसरा फिटर बघा. जुना स्टिरिओ फ्रेमसकट घरी आणा, गाडी विकताना तोच परत बसवायचाय.

प्रश्न : डॅशबोर्डवर परफ्यूमची बाटली आणि एक शोपीस चिकटवलंय, दुहेरी टेपने. ते तर चालेल?

उत्तर : बाजूच्या सीटसमोर डॅशबोर्डवर एअरबॅग लिहिलंय त्या झाकणावर काही नको. बॅग उघडली की ती बाटली समोरच्याच्या तोंडावर. बाजूला सरकवा, आणि बाटली पातळ परफ्यूमची असेल तर तिचं झाकण घट्ट ठेवा, सांडलं की प्लास्टिकवर कायमचा पांढरा डाग पडतो.

प्रश्न : घरीच दाराचं पॅनल उघडून स्पीकर बदलले, आता रस्त्यावर खड्डा आला की दारातून खडखड येते. डीलर म्हणतो पॅनल बदला.

उत्तर : आधी क्लिपा बदला. पॅनल ओढताना एक-दोन तुटतातच, विशेषतः थंडीत प्लास्टिक कडक असतं तेव्हा, म्हणून पॅनल गाडी उन्हात तापल्यावर आणि प्लास्टिकच्या पट्टीने उघडायचं, स्क्रूड्रायव्हरने नाही. तुटलेल्या क्लिपेचा अर्धा तुकडा पत्र्याच्या भोकात अडकून राहतो तो काढा, मूठभर नव्या क्लिपा त्याच मापाच्या आणा, आणि स्पीकरची वायर आत मोकळी लोंबत असेल तर तिला फोमची पट्टी गुंडाळून मूळ वायरिंगला बांधा. आतली प्लास्टिकची पातळ शीट फाटली असेल तर ती पण नीट चिकटवा, पावसाचं पाणी पॅनलमध्ये येऊ नये म्हणून ती असते. एवढं करून पण खडखड राहिली तर काच पूर्ण खाली-वर करून बघा, स्पीकरचा लोहचुंबक जाड असला की काच त्याला आपटते, मग स्पेसर रिंग टाकावी लागेल नाहीतर उथळ स्पीकर घ्यावा लागेल.