मालदीवच्या रिसॉर्टवर फ्रेंच फाइन डायनिंग: शाकाहारी माणसाने पैसे घालवावेत का?

घालवा, पण बुकिंग करतानाच कळवा की तुम्ही शाकाहारी आहात आणि अंडं चालतं की नाही. नुसतं 'व्हेज' म्हणालात तर ताटात भाजी येईल खरी, पण तिच्याखालचा सॉस वासराच्या हाडांच्या स्टॉकचा, म्हणजे हाडं उकळून काढलेल्या रसाचा असू शकतो. फ्रेंच स्वयंपाकात तो आपल्या फोडणीइतका मुरलेला. चीजमधलं रेनेट (दूध फाडायला वापरतात, अनेकदा वासराच्या पोटातलं) आणि मूस या गोड पदार्थातलं जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातडीपासूनचं), हेही विचारून घ्या. आयत्या वेळी सांगितलंत तर बहुधा रिझोटो हा भाताचा प्रकार पुढ्यात येतो, आणि तो तर इटालियन!

जेवण दोन-अडीच तास चालतं. सुरुवातीला शेफकडून एका घासाचं काहीतरी येतं. ते तुम्ही मागवलेलं नसतं, बिलातही नसतं. चीज गोडाच्या आधी. काटे-चमचे बाहेरून आत उचलत जायचे, बस्स.

बिलाकडे मात्र नीट बघा. किमतीपुढे ++ दिसलं की १० टक्के सेवाशुल्क आणि वर पर्यटन जीएसटी, जो जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे. म्हणजे २०० डॉलरचं जेवण २५७ वर जातं. वाइन वेगळी. घरून बाटली न्याल तर ती विमानतळावरच काढून घेतात.

नूनू अ‍ॅटॉलमधल्या शव्हाल ब्लाँ रांधेली या रिसॉर्टमध्ये रेस्टॉरंटचं नावच 'ल १९४७' आहे, शव्हाल ब्लाँ वाइनच्या त्या गाजलेल्या सालावरून. वाइन घेत नसाल तर अशा ठिकाणची अर्धी गंमत जाते, निदान माझ्या मते.