घाटात गाडी चालवणाऱ्याचं घोरणं

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलंय: यजमान रात्री बेळगावच्या भाजी मार्केटात टेम्पो भरतात आणि चोर्ला घाटातून गोव्याला माल पोचवतात. घोरणं एवढं की शेजारच्या खोलीत ऐकू येतं. मधेच श्वास बंद पडतो, मग गुदमरल्यासारखे दचकतात. उठल्यावर डोकं जड. मागच्या महिन्यात डुलकी लागून टेम्पो कठड्याला घासला. सासूबाई म्हणतात, दमलेला माणूस घोरणारच, आणि तो काही जाड नाही. "मी उगाच घाबरते का?"

ताई, तुम्ही उगाच घाबरत नाही. पहिलं काम आजच करा: तपासणी होऊन उपचार लागू पडेपर्यंत त्यांनी घाटात गाडी न्यायची नाही. मालकाशी दिरांना बोलायला लावा, तोवर बदली ड्रायव्हर बघा. कमाई बुडेल, मला कळतं. तरीही.

तुमच्या वर्णनावरून हा ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया असण्याची दाट शक्यता आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट मिटते आणि श्वास दहा सेकंद किंवा त्याहूनही जास्त थांबतो. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो. रात्रभर हेच चाललं तर आठ तास पडूनही झोप झालेली नसते. त्यात त्यांची रात्र गाडीवर जाते आणि झोप तुकड्यातुकड्यांनी होते, म्हणजे त्रास दुप्पट. उपचार न केल्यास बीपी वाढतं, हृदयाची लय बिघडू शकते, पक्षाघाताचा धोका वाढतो. सासूबाईंना सांगा, हा आजार बारीक माणसालाही होतो. हनुवटी मागे असली, टॉन्सिल मोठे असले तरी पुरतं.

ते झोपले की मोबाईलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा, श्वास थांबतो तो भाग नक्की यायला हवा. झोपलेल्या माणसाला स्वतःचं काही कळत नसतं, म्हणून डॉक्टरसाठी तुमची साक्ष मोलाची. तो घेऊन बेळगावात छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे दोघं मिळून जा आणि डुलकीची गोष्ट तिथं लपवू नका. ते स्लीप स्टडी सांगतील. त्यात श्वास तासाला किती वेळा थांबतो किंवा मंदावतो ते मोजतात: पाच ते पंधरा सौम्य, तीसच्या वर गंभीर.

गंभीर असेल तर बहुधा सी-पॅप मशीन सुचवतील. नाकावरच्या मास्कमधून हवेचा दाब येतो आणि घसा उघडा राहतो. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी १९८१ साली जगापुढे मांडलेला हा उपाय आजही सगळ्यात भरवशाचा आहे. "आयसीयूत पडल्यासारखं वाटतं" म्हणून बरेच जण चार दिवसांत काढून ठेवतात. मास्क नीट बसत नसेल, नाक कोरडं पडत असेल तर दुसरा मास्क मागा, दमट हवेची सोय विचारा, सोडू नका. मशीन लावलेल्या झोपेपुरतंच काम करतं, म्हणून दुपारच्या झोपेतही लावायचं. विकत घेण्याआधी महिनाभर भाड्यानं मिळतं का तेही विचारा. सौम्य असेल तर कुशीवर झोपणं, वजन असल्यास उतरवणं, किंवा दातांच्या डॉक्टरकडून जबडा पुढे ठेवणारी पट्टी करून घेणं, एवढ्यानंही भागू शकतं.

झोप लागावी म्हणून घोटभर घेत असतील, तर ते बंद. झोपेच्या गोळ्याही मनानं नकोत. दोन्हीनं घसा आणखी सैल पडतो.

रिपोर्ट आला की तो तासाचा आकडा मला लिहून कळवा, पुढचं त्यावरून बोलू.