दोनशे पेपरचे सर की चाळीस पेपरच्या मॅडम?

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो. मुलीने यंदा नागपूर विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, जेआरएफही (संशोधनासाठीची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली. कॅटॅलिसिसमध्ये, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थांवर (कॅटॅलिस्टवर), पीएच.डी. करायची आहे. दोन गाइड घ्यायला तयार आहेत. सरांचे दोनशेच्या वर पेपर, एच-इंडेक्स ४८. मॅडमचे चाळीस, एच-इंडेक्स १७. दोघांच्या याद्या सोबत जोडल्या आहेत. तरी मुलगी मॅडमकडेच जायचं म्हणते. तिला समजवावं का? — एक पालक, धंतोली

उत्तर : नमस्कार. समजवायची घाई करू नका. ताळेबंद नुसत्या शेवटच्या ओळीवरून वाचत नाहीत, हे बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला मी काय सांगावं!

एच-इंडेक्सची कल्पना होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडली. ४८ म्हणजे सरांच्या ४८ पेपरांचा प्रत्येकी निदान ४८ वेळा कुणीतरी संदर्भ दिलाय. त्यात स्वतःच स्वतःचे दिलेले संदर्भही आले. हा आकडा कधी खाली येत नाही, निवृत्तीनंतरही वाढतो. त्यामुळे ज्येष्ठ सरांशी तरुण मॅडमची तुलना इथेच लंगडी पडते.

तुम्ही पाठवलेल्या याद्या मी नीट पाहिल्या. सरांच्या यादीत रंगद्रव्य काढणं, सुपरकपॅसिटर, सेन्सर, जंतुनाशक नॅनोकण, सगळं आहे. नवं ऑक्साइड बनवायचं आणि दिव्याखाली मिथिलीन ब्लूचा रंग उडवून दाखवायचा, असे पेपर तर कितीतरी. हा रंग स्वतःच प्रकाश शोषतो, त्यामुळे तो उडाला म्हणजे कॅटॅलिस्टनेच काम केलं असं सिद्ध होत नाही. मी अशा पेपरांनी फारसा भारावत नाही. मॅडमच्या यादीत मात्र एकच प्रश्न पुढे सरकतो : महागड्या पॅलेडियमऐवजी पेरोव्हस्काइट ऑक्साइड (विशिष्ट स्फटिकरचनेचं धातूंचं ऑक्साइड) वापरून मिथेन कमी तापमानाला जाळता येईल का? आधी पावडर बनवली, मग गंधकाने ती का निकामी होते ते शोधलं, आता तिचा थर मधाच्या पोळ्यासारख्या सिरॅमिकवर चढवताहेत.

मुलीला दोघांचेही तीन-तीन पेपर काढून बसायला सांगा. त्यात एक तक्ता हमखास असतो : कॅटॅलिस्ट पाच वेळा वापरला, पाचही वेळा १०० टक्के रूपांतर. वाचायला छान वाटतं. पण अभिक्रिया पूर्ण होईपर्यंत थांबलं, तर निम्मा मेलेला कॅटॅलिस्टही १०० टक्केच दाखवू शकतो. प्रामाणिक संशोधक मध्येच, रूपांतर थोडंच झालेलं असताना मोजतो आणि वेगाची तुलना करतो. द्रवात चालणारी अभिक्रिया असेल तर आणखी एक चाचणी बघावी : गरम असतानाच घन कॅटॅलिस्ट गाळून काढला, तरी अभिक्रिया चालूच राहिली का? राहिली, तर धातू द्रवात सुटलाय आणि काम तोच करतोय.

मग शोधगंगावर (पीएच.डी. प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) दोघांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध काढावेत. माझा अनुभव असा की आभाराचं पान सगळ्यात खरं बोलतं. एक्सआरडी (स्फटिकरचनेची तपासणी) कुठे केलं, बीईटीसाठी (पृष्ठभागाचं मोजमाप) कोणाचे पाय धरले, टीईएमचे (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) नमुने कुठल्या शहरात पाठवले, सगळं तिथे सापडतं. नागपुरात नीरी, व्हीएनआयटी, एलआयटी अशा संस्था असल्याने यंत्रं मिळत नाहीत असं नाही, पण ती गाइडच्याच प्रयोगशाळेत आहेत की त्यांच्यासाठी बाहेर रांग लावावी लागते, यावर वर्षं ठरतात. पेपरांवर पहिलं नाव कुणाचं तेही पाहा. रसायनशास्त्रात ते बहुधा प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्याचं असतं. सरांच्या अलीकडच्या पेपरांत त्यांच्याच विद्यार्थ्यांची नावं पहिली किती आणि बाहेरच्यांची किती, हे मोजलं की दोनशेचा आकडा बराच आक्रसतो.

सरांची बाजूही आहे. त्यांच्या ओळखी मोठ्या, परदेशात पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचं संशोधन) करणारे विद्यार्थी आहेत, आणि मुलीला पुढे बाहेर जायचं असेल तर ते कामी येईल. मॅडमकडे ही वाट तिला स्वतः शोधावी लागेल. तरी माझा कौल, या याद्यांवरून, मुलीच्या बाजूने.

एक हिशेब तुमच्यासाठी. जेआरएफचे पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, मग एसआरएफ (सिनिअर फेलोशिप) झाल्यावर ४२,०००, शिवाय घरभाडं. हे सगळं मिळून पाच वर्षं. ज्या प्रयोगशाळेत प्रबंधाला सात वर्षं लागतात, तिथे शेवटची दोन तुमच्या पेन्शनवर निघतील. म्हणून मुलीने दोन्हीकडच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना, गाइड नसताना, चहाच्या टपरीवर गाठून विचारावं की किती वर्षं झाली. तुम्ही सोबत जाऊ नका. वडील समोर असले की पोरं तोंड उघडत नाहीत.