आरोग्य-प्रश्नोत्तरे: एमआरआयमध्ये शीर अरुंद दिसली, म्हणून स्टेंट बसवावा का?

प्रश्न : माझे वय ३४ आहे. दोन वर्षांपासून जवळजवळ रोज डोके दुखते. सकाळी उठल्यावर आणि खाली वाकल्यावर जास्त. रात्री कानात नाडीच्या ठोक्यांसारखा आवाज येतो. मायग्रेनच्या गोळ्यांचा उपयोग झाला नाही. या काळात वजनही बरेच वाढले. एमआरआयच्या अहवालात 'पार्शियल एम्प्टी सेला' (मेंदूच्या तळाशी पियुषिका ग्रंथीची हाडातील खोबण अंशतः रिकामी दिसणे) आणि दोन्ही बाजूंच्या 'ट्रान्सव्हर्स सायनस' (मेंदूतील रक्त वाहून नेणाऱ्या मोठ्या शिरा) अरुंद असल्याचे लिहिले आहे. स्टेंट बसवून घ्यावा का?

उत्तर : तुमची लक्षणे आणि अहवाल एकत्र पाहता कवटीतील दाब वाढल्याची शंका रास्त आहे. गाठ किंवा अन्य उघड कारण नसताना असा दाब वाढण्याचा आजार मुख्यत्वे वजन वाढलेल्या तरुण स्त्रियांमध्ये आढळतो. मात्र स्टेंटचा विचार सध्या बाजूला ठेवा आणि या एक-दोन दिवसांतच नेत्रतज्ज्ञांकडून बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासून घ्या, कारण या आजारात डोकेदुखी त्रास देते, पण कायमचे नुकसान होते ते दृष्टीचे. डोळ्यांच्या मुख्य नसेला सूज आहे का हे त्यातून कळते. सोबत दृष्टिक्षेत्राची चाचणीही करावी. उभे राहताना क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, एकाच्या दोन वस्तू दिसत असतील किंवा नजर अंधूक होऊ लागली असेल, तर भेटीची वेळ मिळण्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

मेंदूभोवती दिवसाकाठी सुमारे अर्धा लिटर द्रव तयार होतो आणि तो मोठ्या शिरांमधील रक्तात शोषला जातो. या शिरा अरुंद झाल्या की मागे दाब वाढतो, द्रव शोषला जाणे मंदावते आणि तुंबलेला द्रव त्याच शिरांना बाहेरून आणखी दाबतो. म्हणजे अरुंदपणा हा पुष्कळदा दाबाचे कारण आणि परिणाम असा दोन्ही असतो; पाठीतून द्रव काढल्यावर शीर पुन्हा रुंद झाल्याचे दिसून आले आहे. शिवाय एका बाजूची ट्रान्सव्हर्स सायनस जन्मतःच बारीक असणे सर्रास आढळते, आणि एम्प्टी सेला तर कुठलाही त्रास नसलेल्या माणसांतही दिसते. त्यामुळे केवळ चित्रावरून उपचार ठरवू नयेत. शिरेत रक्ताची गुठळी नाही ना, हे एमआर व्हेनोग्राफीने, म्हणजे शिरांच्या एमआरआय चित्रणाने, आधी पाहिले पाहिजे. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील किंवा नुकतेच बाळंतपण झाले असेल तर अधिकच.

त्यानंतर दाब प्रत्यक्ष मोजावा. कुशीवर झोपवून कमरेच्या मणक्यांमधून सुई घालतात आणि तिला उभी नळी जोडतात. नळीत द्रव किती उंच चढतो ते पाहतात. प्रौढांमध्ये २५ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक उंची म्हणजे वाढलेला दाब. काही ठिकाणी नळी न लावता नुसता द्रव काढून प्रयोगशाळेत पाठवतात. त्यात तपासणीचा निम्मा हेतू वाया जातो, म्हणून दाब मोजणार ना, हे आधीच विचारून घ्यावे.

निदान पक्के झाले तर उपचाराचा पाया वजन कमी करणे हाच आहे. सोबत बहुधा या द्रवाची निर्मिती कमी करणारे अ‍ॅसिटाझोलामाइड देतात. त्याने बोटांना मुंग्या येतात आणि सोडावॉटरची चव बिघडते. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या औषधाने दृष्टीला लाभ झाला, पण डोकेदुखीत लक्षणीय फरक पडला नाही. म्हणून डोकेदुखीवर स्वतंत्र उपचार लागतात, आणि महिन्यातून दहा-पंधरा दिवस वेदनाशामके घेत असाल तर ती सवयही मोडावी लागते.

औषधांनी भागत नसेल, दृष्टी धोक्यात असेल आणि शिरेत नळी घालून मोजल्यावर अरुंद भागाच्या दोन्ही बाजूंच्या दाबात साधारण ८ मिलिमीटर पारा किंवा अधिक फरक आढळला, तरच स्टेंटचा विचार होतो. त्यानंतर काही महिने रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या घ्याव्या लागतात. केवळ डोकेदुखीसाठी मी तो सुचवणार नाही.

प्रश्न : माझी १९ वर्षांची मुलगी मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेते. महिन्याभरापासून तिचे डोके दुखते. याचा संबंध असेल का?

उत्तर : असू शकतो. या औषधाने, तसेच डॉक्सिसायक्लिन आणि मिनोसायक्लिन या प्रतिजैविकांनीही कवटीतील दाब वाढू शकतो. म्हणून ती आयसोट्रेटिनॉइनसोबत देत नाहीत. गोळी थांबवून आजच त्वचारोगतज्ज्ञांना कळवा आणि तिचे डोळेही लगेच तपासून घ्या.