सेव्हन ऑफ नाइनला बोर्गपासून तोडणं ही तिची सुटका होती का?

माझ्या मते अर्धीच. ‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’ या अंतराळातल्या विज्ञानकथा-मालिकेतली ही बाई लहानपणीच बोर्गच्या, म्हणजे एकाच मनाने चालणाऱ्या अर्ध्या-यंत्र जीवांच्या समूहाच्या, तावडीत सापडते. त्या सामूहिक मनात स्त्री-पुरुष भेद उरतच नाही, प्रत्येक ड्रोन, म्हणजे बोर्गमधला प्रत्येक जीव, नुसता क्रमांक. १९९७च्या भागांत व्हॉयेजर यानाची कॅप्टन जेनवे तिला तिथून तोडते, आणि ती परत जायचं म्हणते तरी ऐकत नाही. मग अंगावरची बरीचशी यंत्रं निघतात, केस येतात आणि अंगाला घट्ट चिकटलेला चंदेरी पोशाख चढतो. बाकीचे बहुतेक जण साध्या गणवेशात! माणूसपणाच्या आधी तिला बाईपण मिळालं, तेही बघणाऱ्यांच्या नजरेने बेतलेलं. हे मला आजही खटकतं.

आमच्या गोव्यात १९६७ साली महाराष्ट्रातल्या विलीनीकरणावर जनमत कौल झाला. फोंड्यात त्यावर अजून वाद रंगतात, पण निदान लोकांना विचारलं तरी होतं. सेव्हनला ना बोर्गने विचारलं, ना जेनवेने. याआधीच्या मालिकेत ह्यू नावाच्या ड्रोनला मात्र परत जायचं की नाही हे स्वतः ठरवू दिलं होतं.

तरीही मालिका बघाच. त्या पोशाखातही ताठ मान आणि मोजकं बोलणं राखून जेरी रायनने सेव्हन जिवंत केली आहे.