नस्तीत नाव नसलेला माणूस

प्रिय सहकारी,

सप्रेम नमस्कार.

लोकसेवा आयोगाच्या यादीत तुमचे नाव आले आणि नगर परिषदेत सहायक नगररचनाकार म्हणून नेमणुकीचा आदेशही निघाला, हे वाचून फार आनंद झाला. रुजू होण्याआधी काय वाचावे, असे तुम्ही विचारले आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 आणि डिसेंबर 2020 पासून लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली तुम्ही परीक्षेसाठी वाचलीच आहे. आता ही दोन्ही पुस्तके टेबलावर ठेवा आणि प्रत्येक प्रकरणाच्या वेळी पुन्हा उघडा. नियमावलीत शासनाचे फेरबदल वरचेवर होत असतात, त्यामुळे पाठांतरावर विसंबून राहिलात तर एखादे दिवशी रद्द झालेल्या तरतुदीवर सही करून बसाल. परंतु तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर पुस्तकांच्या यादीत मावणारे नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

नोकरीच्या चौथ्या वर्षी एका लहान शहरात माझ्याकडे सुमारे दीड हेक्टरच्या रेखांकनाचे, म्हणजे जमिनीचे भूखंड आणि रस्ते पाडणाऱ्या नकाशाचे, प्रकरण आले. कागदपत्रे व्यवस्थित होती: सातबारा, मोजणीची ‘क’ प्रत, झोन दाखला, चलन, सगळे जागच्या जागी. मे महिन्यातल्या एका दुपारी मी स्थळपाहणीला गेले. पूर्वेच्या बाजूला घाणेरीने आणि वेड्या बाभळीने भरलेला एक खोलगट पट्टा होता, पण तो कोरडा ठणठणीत होता आणि त्यात कोणीतरी दोन-चार ट्रॉल्या मुरूमही टाकून ठेवला होता. सादर केलेल्या नकाशावर त्या पट्ट्यातून 9 मीटरचा रस्ता दाखवला होता आणि त्याखाली एक पाइप मोरी. बांधावर बसलेला शेजारचा म्हातारा शेतकरी म्हणाला, “मॅडम, हितनं पाणी येतं.” मी मान डोलावली, पाहणी अहवालात “जागा समतल आहे” असे लिहिले आणि प्रकरण मंजुरीसाठी पुढे पाठवले.

तीन पावसाळे गेल्यावर त्याच ठिकाणच्या सात घरांत गुडघाभर पाणी शिरले. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याच्या निमित्ताने मी तिथे गेले, तेव्हा एका घरात खाटेवर मुलांची वह्या-पुस्तके पान न् पान सुटे करून वाळत घातली होती आणि लोखंडी कपाटावर चिखलाची रेघ उमटली होती. त्या घरातल्या बाई रागावल्या नाहीत. “तुमच्या मंजुरीचा शिक्का बघूनच आम्ही प्लॉट घेतला,” एवढेच त्या म्हणाल्या. कार्यालयात परतल्यावर मी ती नस्ती, म्हणजे त्या प्रकरणाची फाइल, पुन्हा काढली. अर्जदार, वास्तुविशारद, मोजणीदार, अभियंता आणि मी, अशी सगळ्यांची नावे तिच्यात होती. त्या बाईंचे नाव कुठेही नव्हते, आणि असणारही नव्हते, कारण त्यांनी तो भूखंड मंजुरीनंतर दोन हात बदलल्यावर विकत घेतला होता.

तुमच्या टेबलासमोर बसणारा माणूस नेहमी अर्जदार असतो. त्याची निकड खरी असते. त्याच्यावर कर्ज असते आणि त्याचे म्हणणे मांडायला वास्तुविशारद असतो, कधी वकील आणि नगरसेवकही असतो. ज्याला तिथे पुढची पन्नास वर्षे राहायचे आहे, तो मात्र तुमच्या कार्यालयाची पायरी चढत नाही. त्याची बाजू मांडण्यासाठी त्या खोलीत फक्त तुम्ही आहात. पगार त्यासाठीच मिळतो, असे मी मानत आले आहे.

त्या घटनेनंतर मी अभिलेख कक्षात जाऊन जुना गाव नकाशा पाहिला. ओढ्याची वळणे घेत जाणारी दुहेरी रेघ त्या गटाच्या पूर्वेकडून स्पष्ट गेलेली होती. मोजणीच्या ताज्या नकाशात ती नव्हती, कारण मोजणी हद्दीची मागितली होती आणि मोजणीदाराने हद्दच मोजून दिली. विकास योजनेच्या, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याच्या, नकाशाचे प्रमाण असे होते की, एवढा लहान ओढा त्यावर दिसेल अशी अपेक्षाच चुकीची. प्रत्येकाने आपापले काम नियमाप्रमाणे केले होते. या सगळ्या कागदांना जमिनीशी ताडून पाहण्याचे काम एकट्या माझे होते, आणि ते राहिले होते.

म्हणून कोणत्याही रेखांकनाची छाननी करताना गाव नकाशा, फाळणी नकाशा (गटाचे पोटहिस्से दाखवणारा), मोजणीची प्रत आणि विकास योजनेचा भाग नकाशा हे चारही शेजारी-शेजारी पसरा. जिथे एकात रेघ आहे आणि दुसऱ्यात नाही, तिथे थांबा. ती रेघ कधी ओढ्याची निघते, कधी पाणंदीची, कधी वहिवाटीच्या वाटेची, कधी शिवेची. आजकाल नकाशे ऑनलाइन दाखल होतात आणि संगणक प्रणाली चटई क्षेत्र, सामासिक अंतरे (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), वाहनतळ हे सारे काही मिनिटांत तपासून देते. या सोयीचा पुरेपूर उपयोग करा, तिने आमच्या पिढीचे कित्येक तास वाया घालवणारे काम हलके केले आहे. पण प्रणाली नकाशावर काढलेली रेघच तपासते. न काढलेला ओढा तिला दिसत नाही.

मोठ्या नद्यांच्या बाबतीत निदान जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषा आपल्या हाती असतात. निळी रेषा ढोबळमानाने 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे तुम्ही शिकलाच आहात. 2019 आणि 2021 साली पंचगंगा, कृष्णा आणि वाशिष्ठी या नद्यांनी कोल्हापूर, सांगली आणि चिपळूण येथे काय केले, तेही सर्वांनी पाहिले. मला अधिक काळजी वाटते ती लहान ओढ्यांची. पेशवाईत ज्याचा प्रवाह वळवण्यात आला तो पुण्यातला आंबिल ओढा 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री भिंती पाडत वस्त्यांमध्ये शिरला आणि माणसे वाहून गेली. असे ओढे प्रत्येक गावाला आहेत. उन्हाळ्यात ते कचरा टाकण्याच्या जागेसारखे दिसतात, आणि भराव टाकण्याचे व नकाशे दाखल करण्याचे दिवसही नेमके उन्हाळ्याचेच असतात. अशी शंका आली तर प्रकरण पावसाळ्यानंतर पुन्हा पाहण्याची वाट बघू नका, तेवढा वेळ कायदा देत नाही. पाणलोट किती आहे याची आकडेमोड अभियंत्यांकडून लेखी मागवा आणि शेजारच्या दोन शेतकऱ्यांना विचारून त्यांचे सांगणे अहवालात लिहा.

आता खुल्या जागेविषयी. 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात 10 टक्के खुली जागा ठेवावी लागते. टक्केवारी जुळते की नाही हे कोणीही तपासेल. ती कुठे ठेवली आहे, हे तुम्ही तपासा. विकासक उतारावरची, उच्चदाब वीजवाहिनीखालची किंवा कोपऱ्यात उरलेली त्रिकोणी जागा खुली जागा म्हणून दाखवतो; त्याच्या दृष्टीने ते साहजिकही आहे, कारण चांगली जागा विकता येते. त्या त्रिकोणात मुले खेळतील का, संध्याकाळी आजी-आजोबा तिथे एकट्याने जाऊ शकतील का, भोवतालच्या घरांच्या खिडक्या तिच्याकडे उघडतात का, हे मनाशी विचारा आणि नाही असे उत्तर आले तर रेखांकन बदलून मागा. अशा जागेचे मोल न्यायालयांनीही ओळखले आहे. बंगळूरमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी शुश्रूषालयाला देण्यात आली, तेव्हा परिसरातले रहिवासी न्यायालयात गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये ते वाटप रद्दच राहील असा निर्णय देताना दाद मागण्याचा रहिवाशांचा अधिकारही मान्य केला. ज्यांची नावे मूळ नस्तीत नव्हती, अशांचाच तो अधिकार होता.

रस्त्यांबद्दल एकच सांगते. शेजारच्या गटात मंजूर झालेल्या रेखांकनाचा नकाशा काढून घेतल्याशिवाय आपल्यासमोरच्या रेखांकनाला हात लावू नका. दोन रेखांकनांचे रस्ते एकमेकांना चार मीटरने चुकलेले आणि मध्ये कायमची भिंत उभी, असे दृश्य आपल्या प्रत्येक शहराच्या वाढत्या भागात आहे, आणि रुग्णवाहिकेला त्यापायी पडणारा वळसा कोणत्याही नियमाने भरून निघत नाही.

हे सगळे वाचून तुम्ही प्रत्येक अर्जदाराकडे संशयाने पाहू लागाल, तर मात्र माझे पत्र वाया गेले असे होईल. दोन खोल्या बांधू पाहणारा शिक्षक किंवा रिक्षाचालक तुमच्याकडे येतो, तेव्हा त्याचा प्रत्येक महिना घरभाड्यात जात असतो. 1966 च्या अधिनियमाच्या कलम 45 प्रमाणे 60 दिवसांत निर्णय कळवला नाही, तर योजना आणि नियमावलीशी सुसंगत असलेल्या प्रस्तावाला परवानगी मिळाल्याचे मानले जाते. ही मुदत म्हणजे आपल्याला दिलेली सवलत नव्हे; निर्णय त्याच्या कितीतरी आधी व्हायला हवा. त्रुटी काढायच्या त्या पहिल्याच छाननीत, एकाच पत्रात, सगळ्या काढा. आज सातबाऱ्याची त्रुटी, पंधरा दिवसांनी मोजणीची, महिन्याने मार्गिकेची, अशी टप्प्याटप्प्याने पत्रे पाठवणारे कार्यालय लोकांना दलालाच्या दारात नेऊन सोडते. नियमाप्रमाणे घर बांधणे फार कटकटीचे झाले की, माणसे विनापरवाना बांधतात. शहरांच्या कडेला पसरलेली गुंठेवारी, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने विनापरवाना पाडलेले भूखंड, अशीच वाढली. 2001 मध्ये तिच्या नियमितीकरणासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला आणि त्याची मुदत 2021 मध्ये 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या भूखंडांसाठी वाढवावी लागली. त्या वस्त्यांमधल्या दोन-दोन मीटरच्या बोळांतून चालताना मला नेहमी वाटत आले की, यातली निम्मी चूक तरी आपल्या खात्याच्या दिरंगाईची आहे.

सामासिक अंतर का सोडायचे, असे लहान भूखंडाचा मालक कळकळीने विचारतो. “नियम आहे” हे उत्तर देऊ नका. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, हवा-उजेड नसलेल्या खोल्यांत माणसे दगावली, त्यानंतर 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आणि 1915 मध्ये नगररचनेचा पहिला कायदा आला, ही हकीकत त्याला सांगा. आग लागली तर बंब कुठून येईल, हेही सांगा. समजावून सांगितलेली गोष्ट माणसे पुष्कळदा स्वीकारतात, असा माझा अनुभव आहे.

आरक्षणांच्या, म्हणजे विकास योजनेत शाळा, मैदान अशा सार्वजनिक कामांसाठी राखलेल्या जागांच्या, बाबतीत तुमच्या हातून घडू शकणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे गप्प बसणे. अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून 10 वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर कलम 127 खाली मालक सूचना देऊ शकतो, आणि त्यापुढच्या 24 महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्यासाठी खरीखुरी पावले पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते. नुसते प्रस्ताव पाठवणे म्हणजे पावले उचलणे नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले आहे. अशी सूचना आवक-जावक विभागात इतर टपालात पडून राहते आणि शाळेची किंवा मैदानाची जागा कोणी न भांडताच निघून जाते. रुजू झाल्याबरोबर सर्व आरक्षणांची एक नोंदवही करा: क्रमांक, क्षेत्र, मालकी, सूचना आल्याची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख. ती दर महिन्याला मुख्याधिकाऱ्यांसमोर ठेवा. मालकाच्या बाजूचाही विचार करा; ज्या जागेसाठी निधी कधीच येणार नाही, तिथे त्याला वर्षानुवर्षे अडकवून ठेवणे अन्यायाचे आहे. हस्तांतरणीय विकास हक्काचा (जागेच्या मोबदल्यात मिळणारा, दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क) पर्याय त्याला नीट, घरी जाऊन, कागदावर आकडे मांडून समजावून द्या. आमच्या काळात दोन मैदाने मी अशी मिळवली, आणि दोन्ही मालकांशी आजही माझे येणे-जाणे आहे.

दबावाविषयी तुम्ही विचारले नाही, तरी लिहिते. फोन येतील. फोनवर नम्रपणे बोला, भेटायला येणाऱ्याला चहा द्या, आणि आपले मत टिपणीवर कलमासह लिहा. वरिष्ठांना तुमच्या मताविरुद्ध निर्णय घेण्याचा अधिकार आहे आणि तो त्यांनी वापरला तर मनात कटुता ठेवू नका, परंतु तुमची टिपणी तिथे असली पाहिजे. तोंडी सूचना मिळाली की त्याच दिवशी “आज चर्चेत दिलेल्या निर्देशांनुसार” असे लिहून ती नस्तीत आणा. मला एका बदलीला सामोरे जावे लागले, ते याच सवयीमुळे. आणि पुढे एका चौकशीत याच सवयीमुळे माझ्यावर बालंट आले नाही. मुलांच्या शाळा मध्येच सुटल्या याचे दुःख मात्र खरे होते, ते लपवत नाही.

तुमची रुजू होण्याची तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यातली आहे, ही चांगली गोष्ट आहे. नालेसफाईच्या मुकादमाची आधीच ओळख करून घ्या. शहरात पाणी कुठे तुंबते आणि कुठून वाट काढते, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. पहिला मोठा पाऊस पडत असतानाच त्याला बरोबर घेऊन बाहेर पडा, गाव नकाशाची छायाप्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या आणि जिथे पाणी वाहताना दिसेल तिथे निळ्या पेन्सिलीने रेघ ओढा. ती प्रत मला पाठवा. शेजारच्या गटांच्या फाळण्यांशी ती कशी जुळवायची, हे एखाद्या रविवारी आपण माझ्याकडे बसून पाहू.

तुमची,
एक निवृत्त नगररचनाकार