१९५७ चा शेव्हरोले ब्लॉक, साइड माउंट आणि ड्रिल

तुमचं इंजिन १९५७ चं शेव्हरोले २८३ (घन इंच), चॅसिस १९६४ च्या शेव्हरोले शेव्हेल गाडीची, आणि ब्लॉकच्या बाजूला भोकं पाडून माउंट, म्हणजे इंजिन चॅसिसवर टेकवणारे रबरी आधार, बसवावेत का, हा प्रश्न. सपाट भिंतीत पाडू नका. या जातीच्या इंजिनाला (शेव्हरोलेचा ‘स्मॉल ब्लॉक’) बाजूचे, म्हणजे साइड माउंट १९५८ पासून आले. त्याआधी इंजिन पुढच्या तोंडावर आणि मागे बेलहाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या घंटेसारख्या कवचाच्या, दोन बाजूंवर टेकायचं. त्यामुळे जुन्या ब्लॉकच्या बाजूला आटे धरण्याइतकं जाड बीडच ओतलेलं नाही. मात्र केवळ वर्षावर विसंबू नका. तेलकट थर खरवडून बघा. दोन्ही बाजूंना आटे पाडलेल्या तीन-तीन भोकांचे जाड बॉस (ओतीव उंचवटे) दिसले तर नेहमीचे माउंट सरळ बसतील.

ब्लॉकवर बॉस वेल्ड करायचा विचारही सोडा. बिडात कार्बन भरपूर, त्यामुळे टाक्याच्या कडेचा पट्टा काचेसारखा कडक होतो आणि इंजिनाच्या सततच्या हादऱ्यांनी तिथेच तडकतो. निकेलच्या वेल्डिंग रॉडने भेग बुजते, पण इंजिनाचं वजन तोलायला तो जोड भरवशाचा नाही.

योग्य मार्ग म्हणजे ब्लॉकच्या पुढच्या तोंडावरची मूळ भोकं वापरून खोगिरासारखं ब्रॅकेट. गिअर लिव्हरमुळे माहीत असलेल्या हर्स्ट कंपनीची सुरुवात इंजिन बदलण्याच्या अशाच माउंटपासून झाली. ६ मिमी माइल्ड स्टीलची प्लेट घ्या. क्रँक पुलीभोवती आणि उजवीकडच्या फ्युएल पंपासाठी खाच कापा, डावीकडे स्टीअरिंग बॉक्सला जागा सोडा. बोल्ट ३/८ इंची, इंचाला १६ आटे.

इथे बहुतेक जण चुकतात. उजव्या बाजूचं एक भोक आरपार आहे, थेट फ्युएल पंपाच्या पुशरॉडपर्यंत, म्हणजे पंप चालवणाऱ्या दांड्यापर्यंत. बोल्ट लांब पडला तर रॉड जाम होतो आणि पंप बंद पडतो. प्लेटची जाडी मोजून बोल्ट कापा, आट्यांना सीलंट लावा, नाहीतर तेल झिरपत राहील. हाताने पूर्ण आवळून झाल्यावर पंप बसवण्याआधी रॉड वर-खाली सहज सरकतो का ते पाहा. मग टॉर्क पान्याने ३० ते ३५ फूट-पाउंडपर्यंत आवळा.

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडूनच गाडीत टांगा, मागे साधारण ३ अंश उतार ठेवा आणि रबर बसवलेल्या अवस्थेत फक्त टाके मारा. पूर्ण वेल्डिंग बाहेर काढून करा, नाहीतर रबर जळतं. प्लेट जुन्या भंगार ब्लॉकला आवळून थोडं थोडं वेल्ड केलं तर ती वाकत नाही.

मागचा आधार गिअरबॉक्सच्या शेपटीला द्या. बेलहाउसिंगही घट्ट आवळलं तर चॅसिस पिळली की गिअरबॉक्सच्या केसवर ताण जातो आणि तिचे कान तुटतात. १९५७ चा स्टार्टर बेलहाउसिंगवर बसतो, ब्लॉकवर नाही. गिअरबॉक्स नंतरच्या काळातला असेल तर हे आधी सोडवा.

ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाची डावी बाजू वर उठते. १९६५ ते १९७० च्या गाड्यांत डावं रबर तुटून थ्रॉटल ओढला जात असल्यामुळे जनरल मोटर्सला १९७१ मध्ये सुमारे ६७ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. म्हणून डावीकडे रबर फाटलं तरी न सुटणारं, आतून अडकणारं माउंट घ्या किंवा स्टीलची केबल बांधा. आणि इंजिन ते चॅसिस जाड अर्थिंगची पट्टी लावाच, कारण रबरातून करंट जात नाही. तो थ्रॉटलच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल जाळतो.